रूळ आधी आले, स्टेशन दहा वर्षांनी

टोकियोला पाहुणे आले की त्यांना शिबुयाचा चौक बघायचा असतो, शिंजुकूच्या गर्दीत एकदा हरवून बघायचं असतं, टोकियो स्टेशनच्या लाल विटांच्या इमारतीसमोर फोटो काढायचा असतो. टोकियोच्या पूर्व भागातलं निशी-कासाई स्टेशन बघायला कुणी येत नाही. इथे लोक राहतात. सकाळी गाडी पकडतात, रात्री परत येतात, येताना पुलाखालच्या दुकानातून दूध-भाजी घेतात आणि सायकल काढून घरी जातात. मी त्यांच्यातलीच एक. कायाबाचोला माझं ऑफिस आहे आणि रोजची गाडी याच स्टेशनवरून सुटते. हे स्टेशन मला मनापासून आवडतं, आणि का आवडतं ते एकदा सविस्तर लिहायचं होतं.

हे स्टेशन टोकियो मेट्रोच्या तोझाई लाइनवर आहे. या लाइनचा रंग आकाशी. तिच्यावरचं हे सोळावं स्टेशन, म्हणून पाटीवर आकाशी वर्तुळात ‘टी १६’ लिहिलेलं असतं. कोरोनाच्या आधी दिवसाला एक लाखाच्या आसपास लोक इथून ये-जा करायचे. एवढ्या माणसांसाठी स्टेशन किती असावं? फलाट दोन, रूळ दोन. रूळ मध्ये आणि फलाट दोन्ही बाजूंना, समोरासमोर. सगळं खांबांवर उचललेलं. खाली जमिनीवर तिकिटाचे गेट, गेटबाहेर एका हाताला उत्तरेकडचा रस्ता, दुसऱ्या हाताला दक्षिणेकडचा. नवीन माणूस इथे चुकूच शकत नाही. शिंजुकूला वर्षानुवर्षं जाणारी माणसंही चुकीच्या दाराने बाहेर पडतात, आणि इथे आमच्या शेजारच्या काकू, कोल्हापूरहून मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, दुसऱ्याच दिवशी एकट्या जाऊन आल्या. मी विचारलं, “काकू, सापडलं ना सगळं?” तर म्हणाल्या, “अगं, सापडायचं काय त्यात? वर गेलं की गाडी, खाली आलं की बाजार.”

या साध्या मांडणीत स्टेशनचा इतिहास दडलेला आहे, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. फलाट दोन तऱ्हेने बांधता येतात. एक म्हणजे मध्ये फलाट आणि त्याच्या दोन्ही अंगांना रूळ. यात जिना एकच लागतो, लिफ्ट एकच लागते, पण मध्ये फलाट बसवण्यासाठी रूळ एकमेकांपासून लांब सरकवावे लागतात. दुसरी तऱ्हा आमची. रूळ जवळजवळ, जिथल्या तिथे, आणि बाहेरून दोन्ही बाजूंना फलाट चिकटवलेले. चालू मार्गावर नंतर स्टेशन घालायचं असेल तर ही दुसरी तऱ्हा सोयीची, कारण धावत्या गाड्यांचे रूळ हलवावे लागत नाहीत. आणि निशी-कासाई हे खरोखरच मागाहून आलेलं स्टेशन आहे. तोझाई लाइनचा तोयोचो ते निशी-फुनाबाशी हा तुकडा २९ मार्च १९६९ रोजी सुरू झाला. निशी-कासाई उघडलं १ ऑक्टोबर १९७९ ला. म्हणजे दहा वर्षं गाड्या इथून नुसत्या जात होत्या. डावी-उजवीकडे बघणाऱ्याला काय दिसत असेल? कमळाची तळी, शेतं, भराव घातलेले मोकळे प्लॉट. उतरणार कोण, आणि कशाला?

मुळात ही लाइन इथल्या लोकांसाठी काढलेलीच नव्हती. चिबाकडून टोकियोत येणाऱ्या सोबू लाइनवर आणि पश्चिमेच्या चुओ लाइनवर युद्धानंतरच्या वाढत्या वस्तीची इतकी गर्दी व्हायला लागली की तिला वाट काढून देण्यासाठी शहराच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणारी एक मेट्रो हवी होती. १९६४ च्या डिसेंबरात, टोकियो ऑलिंपिक संपल्यावर, ताकादानोबाबा ते कुदानशिता एवढा छोटा तुकडा सुरू झाला. मग दोन्ही टोकांनी ती वाढत गेली, १९६७ ला तोयोचोपर्यंत आली आणि १९६९ ला नदी ओलांडून निशी-फुनाबाशीला पोचली. आज ती ३०.८ किलोमीटर आहे. नावाला मेट्रो, पण मिनामी-सुनामाची सोडलं की गाडी बोगद्यातून वर येते आणि शेवटपर्यंत उघड्यावर धावते. नदीच्या अलीकडचे लोक जमिनीखालून प्रवास करतात, पलीकडचे जमिनीच्या वरून. माझा सकाळचा प्रवास वरून सुरू होतो आणि खाली जाऊन संपतो. बोगद्यात शिरायच्या आधीची ती तीन-चार मिनिटं मला कुणी बदलून मागितली तर मी देणार नाही.

त्या मिनिटांमध्ये जी नदी लागते तिच्याबद्दल लिहायलाच हवं. आराकावाचं पात्र तिथे इतकं रुंद आहे, आणि शेजारून नाकागावा वाहते, की दोन्ही मिळून पूल सव्वा किलोमीटरच्या घरात जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, ही टोकियोची प्राचीन नदी असणार. ती माणसांनी खणलेली आहे. १९१० साली सुमिदा नदीच्या पुराने टोकियोचा पूर्व भाग बुडाला, तेव्हा पुराचं पाणी शहराबाहेरून समुद्रात नेण्यासाठी बावीसेक किलोमीटरचा नवा प्रवाह खणायचं ठरलं. १९११ ला काम सुरू झालं, १९२४ ला पाणी सोडलं, आणि सगळं आटपायला १९३० उजाडलं. गावंच्या गावं हलवावी लागली. या कामाशी आओयामा आकिरा या अभियंत्याचं नाव जोडलेलं आहे. पनामा कालव्याच्या बांधकामावर काम केलेला हा एकमेव जपानी अभियंता. तिथे शिकलेलं त्याने इथे वापरलं. सकाळी आठच्या गाडीत दाराला टेकून मी ते पाणी बघते तेव्हा मला हे सगळं आठवतं. नदी म्हणून आपण जे बघतो ते कुणीतरी फावड्याने, वाफेच्या यंत्राने, चिखलात उभं राहून केलेलं काम आहे.

या पुलाचीही एक कहाणी आहे. २८ फेब्रुवारी १९७८ ची रात्र, साडेनऊच्या सुमाराची. तेव्हा निशी-कासाई स्टेशन अजून उघडलं नव्हतं. मिनामी-सुनामाची आणि कासाईच्या मध्ये, बरोबर पुलावर गाडी असताना वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा, झोत आला आणि शेवटचे दोन डबे उलथून शेजारच्या रुळांवर आडवे झाले. माणसं जखमी झाली, पण कुणी दगावलं नाही, आणि डबे नदीत पडले नाहीत. वारा वाढला की आजही या पुलावर गाड्या सावकाश सोडतात, फारच वाढला तर थांबवतात. फलाटावर घोषणा होते तेव्हा नवीन आलेले लोक चुळबुळ करतात, घड्याळ बघतात. मी मात्र शांत उभी राहते. त्या रात्री गाडीत असलेल्या माणसांचं काय झालं असेल, हे मनात आल्यावर दहा मिनिटांच्या उशिराबद्दल तक्रार करवत नाही.

आता जमिनीकडे येते, कारण या स्टेशनची सगळ्यात विलक्षण गोष्ट त्याच्या पायाखाली आहे. कासाई हा समुद्रकाठचा भाग. इथे उथळ खाडी होती, ओहोटीला मैलभर उघडी पडणारी. लोक शिंपल्या गोळा करायचे आणि हिवाळ्यात नोरी पिकवायचे. नोरी म्हणजे सुशीभोवती गुंडाळतात ते समुद्री शेवाळ. ते पाण्यात रोवलेल्या काठ्यांवर वाढवायचं, काढून बारीक चिरायचं, चौकटीत ओतून कागदासारखं उन्हात वाळवायचं. कासाईची नोरी नावाजलेली होती. १९४९ च्या किट्टी वादळाने समुद्र गावांत घुसला, मग किनाऱ्याला मोठा बांध घातला, तो १९५७ मध्ये पुरा झाला. दरम्यान टोकियोची वाढ थांबत नव्हती. कारखान्यांचं सांडपाणी, बंदराची बांधकामं, भराव. १९६२ च्या अखेरीस टोकियोच्या खाडीतल्या मच्छीमारांनी भरपाई घेऊन मासेमारीचे हक्क सोडले, आणि पिढ्यान् पिढ्यांचा नोरीचा धंदा संपला. सात वर्षांनी इथून मेट्रो धावली. नोरीच्या काठ्या रोवणारी माणसं तेव्हा हयात होती, धडधाकट होती. त्यांच्या डोळ्यांदेखत हे झालं. मुंबईच्या कोळीवाड्यांबद्दल वाचत-ऐकत वाढलेल्या माणसाला इथे थांबल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

बरं, जमीन नुसती सखल नव्हती, ती खचत होती. कारखान्यांसाठी भूजल उपसलं जात होतंच. शिवाय या भागाच्या पोटात पाण्यात विरघळलेला नैसर्गिक वायू होता, आणि तो काढायचा तर पाणीही उपसावं लागायचं. पाणी गेलं की मातीचे थर दबायचे. १९६८ साली निशी-कासाईच्या परिसरात एका वर्षात सुमारे २४ सेंटिमीटर जमीन खाली गेली. घराच्या उंबऱ्याएवढी जमीन एका वर्षात! आणि पुढच्याच वर्षी याच जमिनीवर खांबांवरून मेट्रो सुरू झाली. अभियंत्यांनी किती खोल पाया घेतला असेल, काय हिशेब केले असतील, याचा विचार करताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. १९७२ मध्ये टोकियोच्या प्रशासनाने वायू काढण्याचे हक्क विकत घेऊन ते काम बंद केलं. उपसा थांबला तसं खचणंही थांबत आलं. पण खाली गेलेली जमीन काही वर येत नाही. बांधापलीकडे तर अशी जमीन होती जी कागदोपत्री लोकांच्या मालकीची आणि प्रत्यक्षात पाण्याखाली. तिथे सत्तरच्या दशकात भराव घालून नवी आखणी केली. स्टेशनच्या दक्षिणेला आज सेइशिनचो आणि रिंकाईचोच्या उंच इमारती, शाळा, रुंद झाडांचे रस्ते आहेत ते त्या भरावावर. आधी समुद्र, मग कागदावरची जमीन, मग खरी जमीन. आणि तिथे राहणाऱ्यांना गाडी हवी म्हणून स्टेशन. १९७९ मध्ये फलाट का चिकटवावे लागले, त्याचं उत्तर हे.

कासाई हे शेजारचं स्टेशन जेमतेम सव्वा किलोमीटरवर आहे. ते १९६९ चं, लाइनबरोबरच जन्मलेलं, आणि म्हणून त्याची मांडणी वेगळी आहे. तिथे रूळ चार आहेत. फलाटाला लागलेल्या दोन रुळांवर साधी गाडी थांबून राहते आणि मधल्या दोन रुळांवरून जलद गाडी पुढे निघून जाते. खांबांखाली १९८६ पासून मेट्रोचं संग्रहालय आहे, १९२७ चा पिवळा डबा तिथे ठेवलाय. मुलांना घेऊन जरूर जावं. निशी-कासाईला असा जास्तीचा रूळ नाही आणि जलद गाडी इथे थांबतही नाही. तोयोचोहून निघालेली जलद थेट उरायासूला. ती आमच्या फलाटासमोरून जाते तेव्हा आधी घोषणा होते, मग हवेचा झोत येतो, आणि दहा डबे डोळ्यांसमोरून पुसल्यासारखे जातात. सकाळची शहराकडे जाणारी ‘कम्युटर रॅपिड’, म्हणजे इथली मंडळी जिला कामावर जाणाऱ्यांची जलद म्हणतात ती, उरायासूनंतर सगळीकडे थांबते, तेव्हा सकाळी आपलं नुकसान होत नाही. दुपारी मात्र होतं. जलद गाडीचं थांबणं हा इथे अनेक वर्षांचा विषय आहे, आणि मला वाटतं की एवढ्या माणसांच्या स्टेशनला दिवसातून काही जलद गाड्या मिळायलाच हव्यात.

गर्दी. त्याच्याशिवाय तोझाई लाइनबद्दल लिहिणं पुरं होत नाही. किबा ते मोनझेन-नाकाचो हा तिचा तुकडा कोरोनाच्या आधीची काही वर्षं जपानमधल्या सगळ्यात गर्दीच्या मार्गांच्या यादीत पहिला होता. सकाळी ७:५० ते ८:५० या तासात दहा डब्यांच्या सत्तावीस गाड्या, आणि तरी १९९ टक्के. ही टक्केवारी जपानी सरकार कशी समजावून सांगतं ते मला फार आवडतं. १०० टक्के म्हणजे प्रत्येकाला बसायला जागा किंवा धरायला कडी-दांडा. १५० टक्क्यांना वर्तमानपत्र पसरून आरामात वाचता येतं. १८० टक्क्यांना घडी घालून कसंबसं वाचता येतं. २०० टक्क्यांना अंगाला अंग लागून चांगलाच दाब बसतो, पण साप्ताहिक असेल तर वाचता येतं. २५० ला हात हलवता येत नाही. माणसाला वाचता येतंय का, यावरून गर्दी मोजणारा देश! आता सगळे फोनच बघतात. कोरोनात हा आकडा १२३ पर्यंत घसरला आणि मग पुन्हा चढला, पण १९९ परत आलेला नाही.

मुंबईत लोकलने वाढलेल्या माणसाला १९९ टक्के ऐकून घाम फुटत नाही. माझ्या ओळखीचे डोंबिवलीचे एक दादा इथे आले, पहिल्या सोमवारी गाडीत चढले आणि संध्याकाळी म्हणाले, “दार बंद होतं गं. बंद दाराच्या गाडीत गर्दी म्हणजे काय गर्दी.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण इथली गर्दी वेगळी थकवते. कुणी बोलत नाही, कुणी गाणं म्हणत नाही, चौथ्या सीटसाठी कुणी सरकत नाही. प्रत्येक जण आपापल्या जागी स्वतःला घट्ट मिटून घेतो आणि उतरेपर्यंत तसाच राहतो.

या गर्दीवर रेल्वेने काय काय उपाय केले ते बघण्यासारखं आहे. साध्या डब्याचं दार १.३ मीटर रुंद असतं. १९९१ मध्ये या लाइनसाठी १.८ मीटर दारांच्या काही गाड्या बनवल्या आणि २०१० पासून पुन्हा तशाच नव्या गाड्या आणल्या. पन्नास सेंटिमीटरनी काय होतं? एकाच वेळी एक माणूस जास्त उतरतो. एका स्टेशनवर चार-पाच सेकंद वाचतात, आणि दोन मिनिटांना एक गाडी असेल तेव्हा मागच्या गाडीला लाल सिग्नल लागत नाही. निशी-कासाईच्या फलाटावर उभं राहून बघा, कुठली गाडी आली ते दारावरूनच कळतं. रुंद दाराच्या गाडीत दोन दारांच्या मधली बाकं तोकडी असतात, कारण दाराने जागा खाल्लेली असते. बसायला मिळावं अशी आशा असलेली माणसं अरुंद दाराच्या गाडीकडे डोळे लावून असतात. दुसरा उपाय माणसांच्या सवयीवर. लवकर निघा, गर्दीच्या तासाआधी गेट ओलांडा, आणि बक्षीस मिळवा. २०१९ च्या हिवाळ्यात तर रेल्वेने जाहीर केलं होतं की लवकर येणाऱ्यांची ठरलेली संख्या गाठली तर सगळ्यांना तेंपुरा-सोबा फुकट. गरम रश्श्यातल्या सोबा शेवया आणि वर तळलेला तेंपुरा. थंडीत सकाळी सहाला उठायला हे कारण पुरेसं आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

या सगळ्यात आपली माणसं कशी आली? हा प्रश्न मला इथे नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो. टोकियो एवढं मोठं, मग भारतीय नेमके निशी-कासाईलाच का? कुणी म्हणतं देऊळ आहे म्हणून, कुणी म्हणतं शाळा आहे म्हणून. देऊळ आणि शाळा माणसांच्या मागून आली. आधी आला चहा. जगमोहन चंद्राणी हे व्यापारी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस जपानला आले, भारतातला चहा आणून विकायचा व्यवसाय काढला आणि इथे राहिले. बराच काळ ते एकटंदुकटं भारतीय घर. मग २००० साल उजाडायच्या आधी जगभरच्या संगणकांना तारखेच्या दोन आकड्यांची भीती पडली, वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं असल्याने २००० ला ते १९०० समजतील याची. बँकांना, विमा कंपन्यांना जुने प्रोग्राम तपासून हवे होते. हैदराबाद, चेन्नई, पुणे, बंगळूरहून तरुण इंजिनियर आले. त्यांची ऑफिसं ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचोला. ही तिन्ही स्टेशनं तोझाई लाइनवर, आणि निशी-कासाईहून पंधरा-सोळा मिनिटांत, गाडी न बदलता. जपानी वाचता न येणाऱ्या माणसाला ‘गाडी न बदलता’ या तीन शब्दांची किंमत किती असते ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पण नुसती गाडी असून भागत नाही, घर मिळावं लागतं. टोकियोत घर भाड्याने घ्यायचं म्हणजे मालकाला परत न मिळणारी ‘रेइकिन’ द्यायची, दलाली द्यायची, जपानी जामीनदार आणायचा. आणि एवढं करून परदेशी म्हटल्यावर नकार. सरकारी गृहसंस्थेच्या, म्हणजे यूआरच्या, इमारतींत हे काहीच लागत नाही. रेइकिन नाही, दलाली नाही, जामीनदार नाही, उत्पन्नाचा पुरावा दाखवा आणि राहा. आणि अशा इमारतींची मोठी वसाहत निशी-कासाई स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कोजिमाचोला आहे. भराव घातला, खचणं थांबवलं, स्टेशन चिकटवलं, चाळीवजा लांबलचक इमारती उभारल्या, या सगळ्याचा हिशेब करताना वीस वर्षांनी पुण्याचं एखादं कुटुंब इथे तूप कढवेल हे कुणाच्याही डोक्यात नव्हतं. तरी घडलं ते त्यामुळेच. आज निशी-कासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात, जपानमधल्या कुठल्याही एका वॉर्डात किंवा शहरात नाहीत एवढे. आणि एप्रिल २०१९ मध्ये या वॉर्डाच्या सभेवर पुराणिक योगेंद्र निवडून आले, आपले मराठी. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते भारतीय वंशाचे पहिलेच. स्टेशनच्या बाहेर उभं राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाकून नमस्कार करत मतं मागायची ही इथली पद्धत. त्यांनीही ती पाळली.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला दक्षिणेच्या दाराजवळ दहा मिनिटं थांबलं तर निदान एक मराठी वाक्य कानावर पडतंच. “डबा धुवायला टाकलास का?” “आईला फोन लावून दे.” “शनिवारी मंडळाच्या तालमीला येतेस ना?” गणपतीच्या आधीचे आठवडे तर फोनवर मोदकाच्या पिठीचीच चर्चा. कुठल्या दुकानात आली, कुणाकडे जास्तीची आहे, कुणाची वहिनी भारतातून घेऊन येतेय. पुलाखालच्या बाजारापासून पाच मिनिटांवर भारतीय किराणा मिळतो. कढीपत्ता ताजा मिळतो, तोंडली कधी मिळतात. काकूंना इथलं सगळ्यात जास्त काय आवडलं तर ग्योसेन पार्क. स्टेशनच्या उत्तरेला दहा-पंधरा मिनिटांवर. आत फुकट बघायचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे. नातवाला घेऊन त्या रोज जायच्या आणि तिथे बसणाऱ्या एका जपानी आजींशी त्यांची मैत्री जमली. भाषा एकीलाही दुसरीची येत नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी काकूंनी त्यांना नारळाच्या वड्या नेऊन दिल्या.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही. आम्ही जिथे राहतो ती जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. एदोगावा वॉर्डाचा सुमारे सत्तर टक्के भाग तसा आहे. २०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघरी पुराचा नकाशा वाटला, त्याच्या मुखपृष्ठावर वॉर्डाच्या जागी लिहिलं होतं की इथे थांबून चालणार नाही, म्हणजे वेळ आली तर वॉर्ड सोडून बाहेर जा. आपल्या रहिवाशांना एवढं स्पष्ट सांगणारी दुसरी संस्था मला माहीत नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. पाचच महिन्यांनी, १२ ऑक्टोबरला, हागिबिस वादळ आलं. रेल्वेने आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवायचं जाहीर केलं होतं. वॉर्डाच्या मोठ्या भागाला घरं सोडायची सूचना आली. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर रात्रभर मराठी, तेलुगू, हिंदी, इंग्रजीत निरोप येत होते. शाळा उघडल्या आहेत, तिथे जा, औषधं आणि पासपोर्ट बरोबर घ्या, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना कुणी वर आणलं का. आओयामांची नदी त्या रात्री फुगून वाहिली आणि तिने शहर राखलं. दुसऱ्या दिवशी पहिली गाडी पुलावरून गेली तेव्हा डब्यातले सगळे, फोन खाली ठेवून, गढूळ पाण्याकडे बघत होते.

पुलाचं तिकडचं टोक म्हणजे मिनामी-सुनामाची, आणि तिथे सध्या मोठं काम चालू आहे. ते स्टेशन एका अरुंद फलाटाचं. गर्दीच्या वेळी लोक उतरेपर्यंत मागच्या गाड्या पुलावर खोळंबतात, आणि तो उशीर ओतेमाचीपर्यंत सरकत जातो. म्हणून दुसरा फलाट आणि तिसरा रूळ घालायचं ठरलं. मऊ मातीत, चालू बोगद्याच्या शेजारी, रात्रीच्या तीन-चार तासांत होईल तेवढं काम. २०२४ च्या मे महिन्यात एक शनिवार-रविवार तोयोचो ते निशी-कासाई गाड्या पूर्ण बंद ठेवून रूळ हलवले. ते दोन दिवस निशी-कासाई शेवटचं स्टेशन झालं होतं. पाटीवर ‘नाकानो’च्या, म्हणजे लाइनच्या पश्चिमेकडच्या शेवटच्या स्टेशनच्या, जागी कोरी पट्टी, आणि खाली बदली बसची लांब रांग. रांगेत कुणी कुरकुरत नव्हतं. सोमवारी सकाळी गाडी नव्या रुळावरून गेली. वळण किंचित बदललंय हे पायांना जाणवलं. काम अजून संपलेलं नाही. आणखी काही वेळा गाड्या बंद राहतील, आणि मग कधीतरी सकाळी आठची गाडी पुलावर न थांबता सरळ बोगद्यात शिरेल. मला नदी बघायला तेवढा वेळ कमी मिळेल, पण मोनझेन-नाकाचोला उतरणाऱ्यांना वर्तमानपत्र उघडता यायला हवं.